वळणीवरची घोंगडी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

पिवळ्या कार्डाच्या शेवटच्या ओळीत, निळ्या शाईनं, मान वर न करता तुम्ही लिहिलंत, 'रुग्ण पूर्ण बरी.' वर शिक्का हाणलात. बाई तुमच्या टेबलापुढं उभी होती. तुम्ही विचारलंत, "टाके दुखतात?" ती म्हणाली, "न्हाय." तुम्ही विचारलंत, "अंग बाहेर येतं?" ती म्हणाली, "न्हाय." मग ती म्हणाली, "पर सायब..." तेवढ्यात तुम्ही ओरडलात, "पुढची!" आणि पुढची आली. तिला काय म्हणायचं होतं ते तुम्ही ऐकलं नाहीत. आता ऐका. खुर्ची बरी आहे तुमची, बसून ऐका.

त्या बाईचं नाव सारजा. इंदापूर तालुक्यातलं निरवांगी तिचं गाव. जात धनगराची, घर दोन खणाचं, रान दोन एकर. मेंढरं होती तोवर तिनं आणि तात्याबानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, निम्मा जन्म पायावर काढला. शेवटची लेक दिपाली वाड्यावर झाली. वाडा म्हणजे तुमचा चिरेबंदी वाडा नव्हे. रानात मेंढरं बसवायची, भोवती जाळी लावायची, त्याला धनगर वाडा म्हणतो. लेक झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी वाडा हलला. सारजा हलली. कडेला पोर, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, सात कोस. त्या वाटेवर तिला खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. आधी लिंबाएवढं होतं, मग वांग्याएवढं झालं. बायका त्याला अंग बाहेर येणं म्हणतात आणि दुसरं काही म्हणत नाहीत. ते अंग सारजानं वीस वर्षं मांडीत वागवलं. लघवीला बसली की बोटानं आत लोटायचं, तेव्हा कुठं धार सुटायची. चालली की ते घासायचं. ती तशीच चालली, तशीच खुरपली.

मग तालुक्याच्या दवाखान्यात शिबिर लागलं. चैत्रात तिचं ऑपरेशन झालं. पिशवी काढली, अंग आत शिवलं. सारजा उठून बसली तेव्हा तिला मांड्या हलक्या लागल्या. तात्याबाला ती म्हणाली, "आवं, पोरीसारखं वाटतंया." तात्याबानं दवाखान्याच्या पायरीवरच भंडारा उधळला आणि तिथल्या शिपायाच्या शिव्या खाल्ल्या.

सात दिवसांनी ती शिंकली, आणि लुगडं भिजलं.

ऑपरेशनच्या आधी लघवी सुटत नव्हती, आता थांबत नव्हती. खोकलं की गेली. हसलं की गेली. घागर कमरेवर घेतली की गेली. आणि कधी नुसता हौदात पाणी पडल्याचा आवाज आला, की अशी कळ यायची की मोरी गाठेपर्यंत पाय ओले. त्याच गोष्टीसाठी ती दीड महिन्यानं कार्ड घेऊन तुमच्यापुढं आली होती. बाकी तुम्हाला ठाऊकच आहे.

*

पौषाचा महिना. शिवारात ऊसतोड चालू होती. सारजा आणि तिची जाऊ भागूबाई शेरडांसाठी वाढं गोळा करायला गेल्या होत्या. तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, त्यांचा भारा बांधायचा आणि डोक्यावर घरी आणायचा. उन्हं तापली. भागूबाईनं कळशीतलं पाणी तांब्यात ओतलं, घटाघटा प्याली आणि तांब्या पुढं केला.

"घे गं."

"नगं."

"सकाळधरनं बघती मी. काल बी न्हाय प्याली. पाण्याचा उपास धरलाय का काय?"

"तान न्हाय मला."

तहान होती. ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटली होती. पण पाणी पोटात गेलं की खाली येणार, हा हिशोब तिनं कधीच घातला होता. घरून निघताना घोटभर चहा, मग थेट संध्याकाळी. लघवी काळ्या चहासारखी व्हायची आणि मिरची लागल्यागत आग करायची, तरी थेंब थेंब यायचीच.

"उचल," भागूबाई म्हणाली. दोघींनी भारा धरला. सारजानं चुंबळ डोक्यावर ठेवली, गुडघ्यावर जोर दिला, आणि भारा डोक्यावर बसला त्याच घटकेला मांडीवरून ऊन पाणी पोटरीपर्यंत उतरलं. ती तशीच उभी राहिली. हलली असती तर पाचटावर थेंब दिसले असते.

"काय झालं? लचकलं?"

"न्हाय. तू हो म्होरं."

"म्होरं कशापायी? संगं जाऊ की."

"हो म्हनते ना म्होरं!"

भागूबाई फणकाऱ्यानं पुढं गेली. वीस पावलांवर जाऊन म्हणाली, "आपरेशन झाल्यापासनं लई मोठी झालीस बाई. आमचा वाससुद्धा नगं झालाय तुला."

सारजाला हसू आलं. वासाची भीती कुणाला कुणाच्या होती! पण हसायचीही सोय नव्हती. ती ओठ दाबून बांधाबांधानं मागून चालत राहिली.

घरी जावई आला होता. मल्हार, लोणी भापकरचा, दिपालीचा नवरा. साधं सरळ पोरगं, कारखान्यावर कामाला. त्यानं वाकून पाय धरायला हात केला तशी सारजा दोन पावलं मागं सरली.

"मामी, माघातल्या पयल्या आयतवारी दिपीचं डव्हाळजेवान हाय. तितनंच तिला बाळातपनाला घिऊन या. आईनं सांगावा धाडलाय."

तात्याबा दारात बसून चातीवर लोकर कातत होता. मेंढरं गेली, तरी कुणाकडून तरी लोकर मागून आणायचा आणि चाती फिरवत बसायचा. सूत न तोडता तो म्हणाला, "येणार म्हंजी काय! वाजत येणार."

सारजा म्हणाली, "भागूबाई येईल. माझं काय जमायचं न्हाय."

चाती थांबली. मल्हारचं तोंड पडलं.

"मामी, घोंगडीवर तिच्याजवळ कोन बसनार मग? वटी आईनं भरायची असती."

"चुलती आईवानीच की."

 मल्हार उठता उठता म्हणाला, "दिपी म्हनली हुती, आई आली न्हाय तर मी बी येनार न्हाय. हितंच बाळातीन हुईन. ती हेकट हाय, मामी. तुमच्यावर गेलीया."

तो गेल्यावर सारजानं चूल पेटवली आणि धुराच्या निमित्तानं डोळे पुसले. लोणी भापकरला जायचं म्हणजे एसटीनं बारामती, तिथून दुसरी गाडी. तीन तास. आणि तिथं जाऊन बसायचं कशावर? घोंगडीवर. देवाच्या घोंगडीवर, चारचौघींत, भिजलेल्या लुगड्यानं. त्यापेक्षा लेकीचा रुसवा परवडला, असं तिनं मनाला पटवलं. मन पटत नव्हतं. दिपाली सासरी बाळंत झाली, तर तिला कोण निजू देणार होतं सव्वा महिना? तिसऱ्या दिवशी उठवतील, डोक्यावर घागर देतील. आणि मग तिच्याही मांडीत लिंबाएवढं. लेकीपायी सारजाला दुसरं भय नव्हतं, हे एकच होतं.

*

घोंगडीचंही सांगायला हवं. धनगराच्या घरात काळी घोंगडी म्हणजे बिरोबाचं आसन. तिच्यावर चपलेनं जायचं नाही, विटाळाचं कुणी बसायचं नाही. तीच अंथरायची, तीच पांघरायची आणि तिचीच आण घ्यायची. ऑपरेशन झाल्यापासून सारजा घोंगडीवर निजली नव्हती. खताची रिकामी पोती उसवून तिनं एक पटकूर शिवलं होतं, ते चुलीपलीकडं अंथरायची आणि पहाटे उठून धुवायची. घोंगडी वळणीवर, वर टांगलेल्या काठीवर, घडी घालून पडून होती.

आणि गंमत अशी, की तात्याबाही घोंगडीला शिवला नव्हता. तोही नऊ महिने जुन्या धोतरावर, उघड्या भुईवर निजत होता. दोघं दोन भिंतींना, मध्ये चूल, वर वळणीवर घोंगडी. कुणी कुणाला विचारलं नाही.

मल्हार येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी थंडीनं कहर केला. उजाडलं तरी धुकं हटेना. तात्याबा उन्हाच्या तिरिपेला अंगणात येऊन बसला. त्याच्या पाठीचं लाकूड झालं होतं. सारजा पटकूर वाळत घालत होती. अखेर त्यानं विचारलंच.

"सारजे, एक इचारू? रागवू नगंस."

"इचारा की."

"तुजा नवस फिटतुया कदी?"

"कसला नवस?"

"आता माझ्यापासनं काय लपवतीस? आपरेशन नीट झालं तर वरीसभर घोंगडीला शिवनार न्हाय, असाच बोललीस ना बिरोबाला? मी त्याच दिशी वळाकलं. म्हनलं, बायकूचा नवस तर नवऱ्यानं बी पाळावा, म्हंजी लवकर फिटंल. पर आता पाठ मोडली माजी. देवाला म्हनावं, तीन म्हैनं सूट दे."

सारजा त्याच्याकडं बघत राहिली. नऊ महिने हा म्हातारा, धोतर पांघरून, तिच्या नसलेल्या नवसापायी भुईवर काकडत होता. तिच्या पोटात कुठंतरी खोल हसू उकळलं. तिनं दाबलं. ते नाकातून फुटलं. मग तिला आवरेना. ती मटकन खाली बसली, दोन्ही हातांनी पोट धरलं आणि हसत सुटली.

"हसवू नगा! आवं, पाया पडते, हसवू नगा!"

"मी कुठं हसवतुया?"

"गेली! गेली बगा! समदी गेली!"

तिच्या खालची माती काळी होत पसरली. हसता हसता ती रडायला लागली आणि पदरात तोंड घालून रडत राहिली. तात्याबानं ओल्या मातीकडं बघितलं, वाळत घातलेल्या पटकुराकडं बघितलं, वळणीवरच्या घोंगडीकडं बघितलं. त्याला सगळं एकदम उमगलं. तो सरकत सरकत तिच्याजवळ आला आणि त्या ओल्या मातीतच बसला.

"आवं, उठा, धोतार भिजंल."

"भिजू दे. किती दीस चाललंय हे?"

"आपरेशनच्या आठव्या दिसापासनं."

"आन् बोलली न्हाईस!"

"काय बोलू? लहान लेकरागत मुतते म्हनू? सायबाला सांगाया गेले तर त्यानं बरी लिवलं. लिवलेलं असताना मी न्हाय कशी म्हनू?"

तात्याबानं मातीत बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाला, "मेंढीचं अंग भाईर आल्यावर तुजा सासरा, आबा, काय करायचा, आठवतंय? गुळाच्या पान्यानं धुवायचा, आत लोटायचा, लोकरीच्या दोरीनं आवळायचा. मेंढी वाचायची. पर पाझरायची. चार म्हैनं, कवा जलमभर. कुनी म्हनलं का, की ही मेंढी बाटली?"

"मी मेंढी हाय का?"

"मेंढीपरास शानी असशील म्हनून सांगतुया. आबा म्हनायचा, पाझरत्या मेंढीचं पानी तोडू नगा. तोडलं की मूत पेटतं आन् जनावर मरतं. तू पानी तोडलंयस. तुजी व्हटं बघ कशी फुटल्यात. मी आंधळा, मला वाटलं थंडीनं."

तो आत गेला, तांब्याभर पाणी घेऊन आला आणि ती पूर्ण पिईपर्यंत समोरून हलला नाही. मग त्यानं वळणीवरची घोंगडी काढली, झटकली आणि तिच्या खांद्यावर टाकली. सारजानं अंग चोरलं.

"देवाची हाय ती! माजं लुगडं वलं हाय!"

"लोकर कुनाची हाय?"

"मेंढीची."

"मेंढी कशात निजायची? आपल्या मुतात. त्येच्यातच तिची लोकर वाढली. तीच आपन वढ्यावर धुतली, कातारली, इनली आन् देवाखाली घातली. बिरोबा जलमभर त्येच्यावर बसलाय. त्येला वास न्हाय आला आन् तुजा येनार हाय व्हय? पांघर गप."

सारजानं घोंगडी पांघरली. लोकर टोचत होती. ते टोचणंही नऊ महिन्यांनी तिला गोड लागलं.

दुपारी तात्याबानं पेटीतून एक जुनी, झिजलेली घोंगडी काढली. बापाची होती. तिच्यावर त्यानं हात जोडले आणि विळ्यानं तिच्या वीतभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. तिच्या जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यात त्या घातल्या आणि दाभणानं टाके मारत बसला. भागूबाई डोकावली.

"तात्या, काय शिवताय वो?"

"तुज्या जावंला डव्हाळजेवनाला जायाचं हाय. तिची तयारी."

भागूबाईनं एक पट्टी उचलली, उलटी पालटी करून बघितली. ती चार लेकरांची आई होती, तिला फार सांगावं लागलं नाही. पट्टी खाली ठेवून ती सारजाकडं गेली, तिच्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "रांडं, मला म्होरं हो म्हनतीस व्हय! मी बी मागं ऱ्हायले असते की."

*

पट्टीनं आजार जात नाही. लोकर पाणी पिते तेवढं पिते. एसटीत बसल्यावर कळंब मागं पडलं आणि सारजाला कळ आली. तिनं पुढच्या सीटची दांडी धरली, डोळे मिटले. तात्याबानं तिच्या बोटांकडं बघितलं आणि उठून ओरडला,

"कंडाक्टर, गाडी थांबवा! मला साखरंचा आजार हाय!"

"आजोबा, बारामतीला उतरा की."

"बारामतीपातुर थांबनारी गोष्ट हाय का ही? तुमच्या सीटवर बसू का मग?"

गाडीत हशा पिकला. कंडक्टरनं घंटी मारली. तात्याबा दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "अगं ए, हात धर माजा. मला दिसत न्हाय नीट. खड्ड्यात पडलो तर रंडकी व्हशील."

सारजा खाली मान घालून उतरली. बाभळीमागं जाऊन ती बसली. तात्याबा रस्त्याकडं तोंड करून पहाऱ्याला उभा राहिला आणि मोठ्यानं खाकरत राहिला, म्हणजे गाडीतल्यांचं लक्ष त्याच्यावर.

पुढं आणखी एकदा तसंच झालं. मागच्या सीटवरचा एक टोपीवाला म्हणाला, "आजोबा, टँकर पिऊन निघालाय का?"

"पाटाचं पानी टेलच्या रानाला पोचत न्हाय म्हंत्यात," तात्याबा म्हणाला, "म्हनून मी सोता घिऊन निघालोय."

पुन्हा हशा. सारजानं तोंडात पदर कोंबला. खिडकीतून बाहेर बघत ती मनात म्हणाली, या माणसाच्या अब्रूचं मी किती जन्मांनी फेडू.

लोणी भापकरला दारात दिपाली उभी होती. सातवा महिना, हातभर हिरवा चुडा. आई दिसली तशी ती पोट सांभाळत पळतच आली आणि गळ्यात पडली. घोंगडी अंथरली होती, चारी कोपऱ्यांना भंडारा. व्याहीणबाई बोलवायला आल्या. त्यांचं नाव नकोशी. पाचवी मुलगी म्हणून आईबापांनी ठेवलेलं, तेच पन्नाशीपर्यंत आलेलं. अंगानं किरकोळ, बोलायला तिखट.

"बसा, इहीनबाई. लेकीला टेकून बसा."

सारजाचा पाय घोंगडीच्या काठाशी थांबला. तिनं मागं बघितलं. पुरुषांच्यात बसलेल्या तात्याबानं काही खूण केली नाही, नुसता आपल्या खांद्यावरच्या घोंगडीला हात लावला. सारजा बसली. ओटी भरली. दिपालीच्या पदरात खण, नारळ, गहू पडताना तिचं स्वतःचंही थोडं पडलं, ते सासऱ्याच्या घोंगडीच्या पट्टीनं प्यालं. कुणाला कळलं नाही. बिरोबाला कळलं असेल, तो काही बोलला नाही.

जेवणं उरकल्यावर नकोशीबाई तिला परसात घेऊन गेल्या. आवाज एकदम खाली आला.

"इहीनबाई, तुमचं आपरेशन झालंय म्हनं अंगाचं. माझं धा वर्सं भाईर हाय. मल्हारला बी ठावं न्हाय. आता शिबिर हाय फुडल्या म्हैन्यात. करू का? बरं वाटतंय का तुमाला?"

सारजाला ते कार्ड आठवलं. 'बरी' म्हटलं की सुटली असती. ही बाईही टेबलावर निजली असती, उठली असती, आणि मग घरात कुठंतरी तिनंही एक पटकूर शिवलं असतं. आणि दिपालीची सासू होती ती. उद्या बाळंत होऊन परतलेली दिपाली हिच्याच हातात.

"अंग आत ऱ्हायलं," सारजा म्हणाली. "मूत भाईर आलं. आता बी वली हाय मी."

नकोशीबाईंनी तिच्या लुगड्याकडं बघितलं. हसल्या नाहीत.

"मग करू नगं म्हंता?"

"तसं न्हाय म्हनत. मांडीतलं वझं गेलं, ते खरंच हाय. पर आदी इचारू. दोघी जाऊन इचारू. आन् एक सबूद द्या मला. दिपी परत आली की तिला घागर देऊ नगा. म्हैना दोन म्हैनं."

"घागर?" नकोशीबाई म्हणाल्या, "अवो, मी काय येडी हाय? मला कुनी दिली त्येचंच हे लोंबतंय की."

*

आणि म्हणून साहेब, त्या दोघी शिबिराच्या दिवशी तुमच्यापुढं आल्या. सकाळपासून बाकावर बसल्या होत्या. तात्याबा बाहेर पायरीवर तांब्या घेऊन. आत जाताना तुमच्या जुन्या नर्सबाईंनी सारजाला बाजूला घेऊन सांगितलं, "लघवी अडवल्यासारखं आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. दिवसातून तीन वेळा. फरक पडतो पुष्कळींना. नाही पडला तर त्यावर दुसरा इलाज असतो." एवढं सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं, चालता चालता. अकरा महिन्यांत ते अर्धं मिनिट कुणाला मिळालं नव्हतं.

तुम्ही नाव विचारलंत. "नकोशी," व्याहीणबाई म्हणाल्या. तेव्हा कुठं तुमची मान वर झाली. तेवढ्यात सारजानं पिवळं कार्ड टेबलावर ठेवलं.

"सायब, हे चुकलंया. हितं बरी लिवलंय. मी बरी न्हाय. उटता बसता लघवी जाती माजी."

तुम्ही कार्ड बघितलंत. म्हणालात, "ऑपरेशन यशस्वी झालंय बाई. हे होतं काही जणींना. आधी अंग खाली असतं, त्यानं वाट दाबलेली असते. ते वर घेतलं की दाब सुटतो."

"म्हंजी हे तुमाला ठावं हुतं?"

"असतं माहीत."

"आदी?"

"हो, आधी."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

 तुम्ही घड्याळ बघितलंत. आणि तोंडातून सवयीनं तेच निघालं, "पुढची!"

नकोशीबाई खुर्चीत टेकून बसल्या.

"फुडली मीच हाय," त्या म्हणाल्या. "आदी तिला सांगा. मग मी टेबलावर निजते."

तुम्ही दाराकडं बघितलंत, दुसरी कुणी येईल म्हणून. दारात बायका उभ्या होत्या, बाकावरून उठून आलेल्या. एकही आत आली नाही, एकही मागं सरली नाही. सारजाच्या मांडीवरून ऊन धार उतरली. या वेळी तिनं पाय जुळवले नाहीत. तुमच्या फरशीवर ती तशीच उभी राहिली.

साहेब, पेन उघडं आहे, कार्ड पुढ्यात आहे. तुम्हाला माहीत होतं. का नाही सांगितलंत?

बोला.